दिवे वाढवा

माझ्या बायकोच्या मामांच्या घरात आजवर एकाही माणसाला पहिल्या फटक्यात दिवा लावता आलेला नाही, आणि या माणसांत मी खुद्द मामांनाही धरतो. घाटकोपर पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मधला अरुंद बोळ, एवढंच घर; पण तिथे शिरताना मला अजून परीक्षेला बसल्यासारखं होतं. मामा ट्रॉम्ब्याला अणुकेंद्रात नोकरीला होते. तिथे नेमकं काय करता, असं विचारलं की ते आवाज खाली आणून म्हणत, "ते सांगता येत नाही." त्यामुळे माझं सगळं सासर त्यांना दबकून असे. मामी मात्र भाजी चिरता चिरता सांगून टाकत, "कॅन्टीनचे पंखे बघायचे." निवृत्त झाल्यावर पंखेही राहिले नाहीत आणि मामांचे हात शिवशिवायला लागले.

त्या हातांना काम मिळालं ते मामी बोळात पडल्या तेव्हा. संध्याकाळची वेळ, वाटेत कपड्यांची बादली, ती त्यांना दिसली नाही. "साडी पायात आली," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मामींना काचबिंदू आहे. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली थेंब घालून सांभाळा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण "मला सगळं दिसतं" हे वाक्य मामी सोडायला तयार नव्हत्या, आणि एरवी लिंबाच्या लोणच्यावरूनही वाद घालणारे मामा यावर मात्र कधी वाद घालत नसत. ते बाजारात जाऊन पिशवीभर खोकी घेऊन आले आणि घरातले सगळे दिवे त्यांनी एका पांढऱ्या डबीच्या ताब्यात दिले. या डबीला ते 'मध्यवर्ती' म्हणतात. माणसाची हालचाल ओळखून दिवा लावणाऱ्या टिकल्या त्यांनी जागोजागी चिकटवल्या, त्यांचं नाव 'डोळे'. हे सगळं कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जावईबापू, विजेची बचत!" विजेची बचत करणारा माणूस पहिला डोळा बरोबर बोळातच का बसवतो, हे मी विचारलं नाही.

पुढचे काही महिने त्या घरात कोणाला काय कळत होतं, देव जाणे. संडासातला डोळा माणूस स्वस्थ बसला की तो गेलाच असं समजून दिवा घालवी. आत अंधारात बसून मी ओरडलो, तर बाहेरून मामांचा शांत आवाज आला, "मधूनमधून हात हलवत जा." सूर्यास्ताला दिवे आपोआप लागावेत म्हणून त्यांनी मध्यवर्तीला आपलं गाव सांगितलं, पण सांगताना काहीतरी भलतंच दाबलं गेलं असावं, कारण घर कुठल्यातरी परक्या मुलखाच्या घड्याळावर चालायला लागलं. भर दुपारी, आम्ही जेवत असताना, सगळे दिवे लागले. मामींनी आमटीचा हात धुतला आणि दिव्याला नमस्कार केला. "अगं, दुपार आहे ना!" मामा म्हणाले. "दिवे लागले ना? मग नमस्कार करायचा," मामी म्हणाल्या आणि भात वाढायला लागल्या. माझ्या बायकोनेही मुकाट्याने हात जोडले. मग मीही जोडले.

मामींची तक्रार एकच होती. "खट् वाजत नाही. मग दिवा लागला हे कळायचं कसं?" मामांनी भिंतीवरचे सगळे खटके काढले होते, या तक्रारीसाठी हॉलमधला एक जुना काळा खटका त्यांनी परत बसवला. त्याला मागून वायर नाही. तो नुसताच वाजतो. आल्यागेल्याने तो दाबून पाहायचा आणि मामांनी "ते शोभेचं आहे" असं म्हणायचं, हा तिथला रिवाजच झाला होता.

मामींना नवीन काही शिकायला लागू नये म्हणून मामांनी आणखी एक शक्कल लढवली. मध्यवर्तीला हाक मारायला एक ठरावीक शब्द लागतो. मामांनी तिथे मामींच्या रोजच्या तोंडातलीच हाक घातली: "अहो, ऐकलंत का." झालं! मामी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "अहो, ऐकलंत का," की मामा पेपरातून म्हणायचे "काय गं?" आणि कपाटावरून डबी म्हणायची "बोला." मामी कोथिंबीर आणायला सांगत होत्या हे दोघांपैकी एकालाही कळत नसे. "एक ऐकत नव्हता, आता दोन झाले," मामी म्हणायच्या.

पण खरी वाट लागली ती 'वाढवा' या शब्दाने. मामींच्या माहेरी, तिकडे मालवणाकडे, दिवा विझवत नाहीत की बंद करत नाहीत. दिवा वाढवतात. फुटलेली बांगडी वाढते तसाच. झोपायची वेळ झाली की मामी म्हणणार, "अहो, ऐकलंत का, दिवे वाढवा," आणि डबी बिचारी आज्ञाधारकपणे सगळे दिवे होते त्याच्या दुप्पट लखलखीत करणार. समोरच्या इमारतीतल्या एकाने विचारलं, "तुमच्याकडे रोज कसलं फंक्शन असतं?" मामा म्हणाले, "तू नुसतं 'बंद करा' म्हण ना!" मामी म्हणाल्या, "दिव्याला? माझ्या तोंडून नाही यायचं." शेवटी मामा चष्मा कपाळावर चढवून फोन घेऊन बसले आणि त्यांनी मध्यवर्तीला शिकवलं की या घरात वाढवणे म्हणजे घालवणे. जमलं तेव्हा त्यांनी मला फोन केला. नातू झाल्याची बातमी द्यावी तसा आवाज होता.

त्याच्या दुसऱ्याच रविवारी आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. दिवेलागणी होऊन गेली होती, मामी हॉलमध्ये ताटात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या आणि आम्ही गप्पा मारत होतो. बोलता बोलता मामींनी मान वर केली. "अहो, ऐकलंत का, दिवा जरा वाढवा." बोळातल्या दिव्यासकट सगळं घर एका क्षणात काळोखात गेलं. आम्ही हसलो. मामांनी अंधारातच टाळी वाजवली. "बघा जावईबापू! शिकली की नाही?"

मग मामींचा आवाज आला, अगदी हळू. "अहो, या वेळी खरंच वाढवा म्हटलं होतं मी. खडे दिसेनात मला."

'मला दिसेना' असं मामी त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाल्या. मामा उठलेले मला ऐकू आले. त्यांना फोन सापडला नाही, डबीला हाक मारायचं सुचलं नाही. ते चाचपडत भिंतीपाशी गेले आणि तो वायर नसलेला खटका दाबायला लागले. खट्, खट्, खट्. शेवटी मला जन्मात 'अरे'खेरीज दुसरी हाक न मारलेली माझी बायको म्हणाली, "अहो, ऐकलंत का, दिवे लावा," आणि उजेड झाला. मामा खटक्यावर बोट ठेवून तसेच उभे होते. मामींनी ताट त्यांच्यापुढे सरकवलं. "बसा इथे. खडे काढा." मामा खाली बसले आणि निमूटपणे खडे काढायला लागले.

मामांनी तो धडा मध्यवर्तीकडून पुसून टाकला. आता वाढवा म्हणजे वाढवा. दिवे घालवायचे ते मामी झोपल्यावर, स्वतः, फोनवरून, एक अक्षर न बोलता. जुने बल्ब काढून त्यांनी सगळ्यांत मोठे लावलेत, आणि मंगल कार्यालयात शिरल्यासारखे आम्ही त्या घरात डोळे बारीक करून शिरतो. बचतीचं नाव ते आता काढत नाहीत.

परवा गेलो तेव्हा सूर्यास्ताला सगळे दिवे बिनबोभाट लागले. आता घड्याळही इथलंच आहे. मामी खुर्चीत बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी खिडकीकडे तोंड करून विचारलं, "अहो, तिन्हीसांज झाली ना? लावा की दिवे." बायकोने माझा हात घट्ट धरला. मामांनी आमच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं, सावकाश उठले, भिंतीपाशी गेले आणि तो खटका दाबला. खट्.

मामींनी हात जोडले. "हां," त्या म्हणाल्या, "आता कसं लख्ख वाटतं." त्यांना खरंच तसं वाटलं, की त्या मामांसाठी तसं म्हणाल्या, मला कळलं नाही. त्या घरात मला कधीच काही कळलेलं नाही. आम्ही दोघांनी हात जोडले. मामांनीही खटक्यापाशी उभ्या उभ्या जोडले, आणि बराच वेळ ते खाली घेतले नाहीत.