कारभाऱ्याची कबुली

आमच्या पाड्यातला पहिला पदवीधर मी. हे मी मान वर करूनच सांगतो. मुरबाडला कॉलेजात राज्यशास्त्र घेतलं होतं आणि आरोपीचे हक्क मला तोंडपाठ होते. अटक कशासाठी ते विचारायचं. वकील मागायचा, ऐपत नसेल तर सरकार देतं. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं, आणि त्याच वेळी माझ्या बापावर चोरीचा आळ आला.

धसईकडच्या एका बागायतदाराच्या मळ्यातलं पाण्याचं इंजिन चोरीला गेलं. बाबा उन्हाळ्यात त्याच्याकडे भेंडीच्या तोडणीला जायचा. पाड्यातले आणखी बरेच जायचे. मळ्यावर शेवटी बाबा दिसला होता, म्हणून पोलिसांनी त्याला धरलं. इंजिन काही सापडलं नाही. मी जामीनदार मिळवून त्याला घरी आणलं आणि तारखेपर्यंत रोज संध्याकाळी त्याची तयारी घेतली.

"साहेब विचारतील, गुन्हा कबूल आहे का. तू काय म्हणशील?"

"नाय."

"जोरात म्हण."

"अरं नाय! खुराड्यातल्या कोंबड्या उठवतूस का आता?"

चुलीपुढून आई म्हणाली, "जन्मात कुनाला नाय म्हनला नाय ह्यो, कोर्टाला काय म्हननार!"

आई थट्टेत बोलली, पण तिला नवरा ठाऊक होता. बाबा पाड्याचा कारभारी. कुणाच्या गुरांनी दुसऱ्याचं भात खाल्लं, कुणी कुणाचं लाकूड उचललं, की पंचांपुढे कारभारी उभा राहायचा. कुणी केलं हे त्याला माहीत असो नसो, हात जोडून म्हणायचा, "आमची चुकी झाली, पोटात घ्या." मग दोन्हीकडची माणसं एका पंगतीला बसत. घास घेतला की ती गोष्ट पुन्हा कुणी तोंडातून काढायची नाही, काढेल तोच दोषी. वडीलधाऱ्यांसमोर नाही म्हणणं म्हणजे मात्र त्यांना खोटं पाडणं. अशी कितीतरी भांडणं बाबाने अंगावर घेऊन मिटवली होती. त्याला मान होता तो ह्यामुळेच.

तालुक्याच्या कोर्टात बागायतदार बाकावर बसला होता. त्याने बाबाकडे पाहिलं नाही. बाबा मात्र त्याच्याकडेच बघत होता.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी नीट विचारलं, हे मी कबूल करतो. "वकील हवा का? सरकारी खर्चाने मिळेल."

"वकील कशाला? मी उभा हाय ना."

मी मागून "बाबा!" म्हणालो. शिपायाने मला दटावलं.

"कबूल केलंत तर शिक्षा होईल. समजतं ना? कुणाचं दडपण आहे?"

"नाय साहेब. आमची चुकी झाली."

"आमची म्हणजे कुणाची? चोरी तुम्ही केली का?"

बाबाने हात जोडलेलेच ठेवले. "मीच केली. पोटात घ्या."

काही महिन्यांची कैद झाली. साहेब निकाल सांगून थांबले तसा बाबा बागायतदाराकडे वळला. "शेट, झालं ते झालं. आता बसू पंगतीला. कुठं बसायचं ते सांगा."

मागे कुणीतरी फसकन हसलं. पोलिसाने बाबाचा दंड धरला.

अपिलासाठी मी कल्याणच्या एका वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, "फार तर शिक्षा कमी करून मागू. केलंच नाही म्हणायची वेळ गेली, राजा." तुरुंगात भेटलो तेव्हा बाबाला विचारलं, इंजिन कुणी नेलं? "कुनी का नेलं असंना," तो म्हणाला, "पाड्यावरचा आळ तर गेला."

तो परत आल्यावर पाड्याने रिवाज पाळला. कुणी अवाक्षर काढलं नाही. पोलीस ठाण्यात असला रिवाज नव्हता. कुठे विहिरीवरची मोटार चोरीला गेली, विजेची तार गेली, की जीप आमच्या दारात. सजा झालेला म्हातारा हाताशी होता. दिवसभर बसवून ठेवायचे आणि सोडून द्यायचे. बाबाला ते उमगायचंच नाही. "मिटलं ना रे ते? मंग पुन्हा पुन्हा का काढतान?" पुढे त्याने आपणहून कारभारीपण सोडलं. पंचांपुढे उभं राहायला आता तोंड नाही म्हणाला.

मी तोवर शहापूरला नोकरीला लागलो होतो. सुट्टीला गेलो की त्याला बजावायचो, आता आले की विचार, कशासाठी नेता. विचारायचा तुला हक्क आहे.

एका सुट्टीत पोचलो, तर बाबा नुकताच ठाण्यातून सुटून ओट्यावर बसला होता.

"पोरा, इचारलं आज मी. कशापायी नेता, म्हनलं."

"मग?"

"हसले. म्हनले, म्हातारा कायदा शिकला."

मी पिशवी खाली ठेवून त्याच्याशेजारी बसलो.

"तू सांगतलंस तसंच म्हनलं, एक अक्षर चुकलो नाय," बाबा म्हणाला, आणि पुढे काय विचारायचं ते मी सांगेन म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिला.