सातवा थेंब

जुन्या कचेरीत सहीसाठी येणारा माणूस खाली मान घालून येतो आणि तशीच घेऊन परत जातो. त्यामुळे दर्शनी खांबांच्या वर, छपराच्या सावलीत, चुन्याचे थेंब ओळीने लोंबतात हे फक्त चिमण्यांना ठाऊक होतं आणि थेंबनानांना.

नाना गिलाव्याचे कारागीर. ऐन विशीत, उस्तादांच्या हाताखाली, त्यांनीच ते घडवले होते. बेचाळीस पट्ट्या, प्रत्येकीखाली सहा थेंब, अंगठ्याएवढे, वर निमुळते. सासुरवाडीचा पाहुणा आला की नाना त्याला चहाआधी कचेरीसमोर उभा करून मान वर करायला लावायचे. थेंबनाना हे नाव अशाच मेव्हण्यांनी ठेवलेलं.

पुढे थेंब गळून पडू लागले. दुरुस्तीची फाइल तीन वर्षं हलेना, कारण पडलेल्या वस्तूचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि बिननावाची वस्तू दुरुस्त करता येत नाही. नाना आपणहून गेले. म्हणाले, "थेंब म्हणतात." कारकुनाने ते लिहून घेतलं आणि फाइल गळती विभागाकडे पाठवली.

मग राजधानीतून एक तज्ज्ञ आले. गाडीतून उतरून त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "वा! गुट्टे!"

त्या दिवसापासून कचेरीचं रूपच पालटलं. शिपाईसुद्धा लोकांना दटावू लागला, "गुट्ट्यांखाली सायकल लावू नका!" एका दूरदेशीच्या जुन्या भाषेत गुट्टा म्हणजे थेंबच, हे कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आदर कमी झाला असता.

तज्ज्ञांनी परांचीवर चढून मोजणी केली. कोपऱ्यातल्या पट्टीखाली सात निघाले. खाली उतरून त्यांनी निकाल दिला: मूळ रचना सातची. सगळे जुने गुट्टे काढून बेचाळीस ठिकाणी सात-सात बसवावेत.

नानांच्या कानावर ते गेलं. दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून तज्ज्ञांपुढे उभे राहिले.

"साहेब, सातवा चुकून झालाय. मीच केलाय."

"आपलं शिक्षण?"

"गिलावा."

तज्ज्ञ हसले. "आजोबा, बाकी एक्केचाळीस ठिकाणचा सातवा गळून पडलाय."

"सगळीकडचा एकच? आणि जाताना आपली जागाही घेऊन गेला? तिथं सहाच मावतात. कोपऱ्यात सातवा घुसवला म्हणून बाकीचे अंग चोरून उभे आहेत. सगळीकडे तसं केलंत तर इमारतीची रया जाईल."

"काळाची झीज असते ती," तज्ज्ञ म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

घरी आल्यावर नानांनी भाकरीचा तुकडा मोडला नाही. बायको म्हणाली, "एवढा जीव जळतोय तर फोडून टाका की तो सातवा."

नानांनी ताट बाजूला सारलं.

"का हो?"

"उस्ताद प्रत्येक पट्टीसाठी सहाच खिळे मोजून द्यायचे. एका थेंबाच्या पोटात एक खिळा. तू पहिल्यांदा डबा घेऊन आलीस, खाली उभी राहिलीस, आणि तुला दाखवण्याच्या नादात माझा सातवा होऊन गेला. खिळा मागितला असता तर उस्तादांनी सगळ्यांसमोर सोलून काढलं असतं. म्हणून खिशात होता तो आकडा घातला."

"कसला आकडा?"

"केसांतला. तुझा. पितळी."

"अहो, तो आकडा धाकट्या बहिणीने घेतला समजून मी तिच्याशी वर्षभर बोलले नव्हते! तुमच्या खिशात कसा आला?"

"नवीन लग्न होतं," नाना भिंतीकडे बघून म्हणाले.

तिने पदर खोचला. "चला. मीही येते."

सगळी कचेरी अंगणात जमली. तज्ज्ञ "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत नाना शिडीवरून परांचीवर पोचलेसुद्धा. हातोडीची एकच टिचकी. थेंब खाली पडून फुटला आणि चुन्याच्या भुग्यातून हिरवट पडलेला आकडा निघाला.

तज्ज्ञ वाकले. "तत्कालीन धातुकाम! दुर्मिळ..."

"माझा आहे तो. द्या इकडे," बायको म्हणाली.

मूळ रचनेत नानांच्या बायकोचा आकडा बसेना, तेव्हा सातचा हुकूम त्याच दिवशी मागे घेतला गेला. बेचाळीसही ठिकाणी सहाच राहणार. नाना घरी जाऊन पोटभर जेवले.

पण आठवड्याने लिफाफा आला. सात गुट्ट्यांच्या फोटोची माहितीपुस्तिका आधीच छापून झाली होती. सबब, कोपऱ्यातला सातवा गुट्टा संबंधित कारागिराने पूर्ववत करावा.

जी चूक नानांनी उस्तादांपासून जन्मभर लपवली, तीच आता शिक्क्यानिशी करायची होती. ते वर चढले. सोबत चढलेल्या कचेरीच्या अभियंत्याने चकचकीत खिळा पुढे केला, तो त्यांनी खिशात टाकला आणि खाली पाहिलं.

खाली उभ्या असलेल्या बायकोने पांढऱ्या अंबाड्यातला काळा आकडा काढला आणि वरून सोडलेल्या दोरीला बांधला. "ह्या वेळी विचारून घ्या!"

"घेऊ का?"

"घ्या. पण लवकर, केस सुटलेत माझे."

नानांनी दोरी वर ओढली. ती मान वर करून थेंब मोजत खाली उभी राहिली.