मध्यंतरातला सत्कार

आमच्या शाळेच्या संघात बास्केटखाली खेळणारी मुलगी शेंद्र्याहून यायची. मी शाळेत खेळ शिकवते. जिल्ह्याच्या संघात नाव आलं तरच पुढं खेळायचं, नाहीतर बास्केटबॉल बंद, असं तिच्या वडिलांनी मला तोंडावर सांगितलं होतं. अंतिम सामन्याला उतरताना हे तिलाही ठाऊक होतं.

पहिला हाफ तिनं गाजवला. बोर्डावर आपटून आलेला चेंडू कुणाच्या हाती लागू दिला नाही. समोरची उंच पोरगी तर वैतागून रडकुंडीला आली होती.

आणि मध्यंतरात काय, तर सत्कार! पाहुणे उशिरा आले होते, त्यांना पुढं लग्नाला जायचं होतं, मग सामना गेला खड्ड्यात. पाहुण्यांच्या हस्ते, याच सामन्यावरून जिल्ह्याचा संघ निवडणाऱ्या समितीच्या दोन साहेबांना शाल-श्रीफळ. तबक धरायला आयोजकांना कोण सापडलं? हीच! उंच आहे, फोटोत चांगली दिसते म्हणे. घामानं निथळणारी पोर भाषणं संपेपर्यंत तबक धरून उन्हात ताटकळली. पाण्याचा घोट नाही. मी उठून सांगायला गेले, तर मलाच गप्प बसायची खूण झाली.

दुसऱ्या हाफमध्ये ती वाईट खेळली, हे मी नाकारत नाही. पाय आखडले होते. अगदी जवळचे बास्केट हुकले, पास थेट समोरच्यांच्या हातात गेले. आम्ही हरलो आणि निवड झालेल्यांत तिचं नाव आलं नाही.

मी तडक समितीकडं गेले.

“मॅडम, दबावात खेळता आलं पाहिजे,” खांद्यावरची शाल सावरत एक साहेब म्हणाले.

“आणि पहिला हाफ?”

“शेवटी काय केलं ते बघतात हो.”

“तिला तासभर उभं कुणी केलं?”

“तबक धरून कुणी दमतं का?” दुसरे साहेब हसले.

हसले! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंग तापलेल्या खेळाडूला तासभर खांबासारखं उभं करायचं, तेही स्वतःच्या कौतुकासाठी, आणि मग तिचेच पाय जड पडले म्हणून तिला नापास करायचं? असले परीक्षक! खुर्चीवरून उठताना स्वतःचे गुडघे धरतात आणि पोरींचा दम मोजतात. मी हे सगळं बोलले. चढ्या आवाजात बोलले, आजूबाजूची माणसं जमेपर्यंत बोलले.

तेवढ्यात ती आली आणि वाकून दोघांच्या पाया पडली.

“मेहनत कर, बाळा,” साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“व्हय सर.” मग तिनं माझा दंड धरला. “भांडू नका मॅडम. लई घाण खेळले मी. घरी पण हेच सांगते, माझंच चुकलं म्हणून.”