लेंड्या ठेवलेला नकाशा

पंचाहत्तरच्या सुमारास मी सोलापूरला सर्व्हेअर होतो. वैराग रस्त्याकडेच्या माळावर झाडं कुठे लावायची, हे माझ्या नकाशावरून ठरणार होतं. अर्धा माळ न फिरताच मी बाभळीखाली बसून तो ‘पडीक’ म्हणून रंगवला. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तेवढ्यात एक म्हातारा मेंढपाळ शेजारी टेकला. त्याने आधी माझा कागद फिरवून माळाच्या दिशेने नीट लावला.

“सायेब, हितं काय?”

“काही नाही मामा, मोकळंच आहे. झाडं लावू.”

तो इतक्या मोठ्याने हसला की मेंढ्यांनी माना वर केल्या. “मोकळं कुटं? हितं माळढोक अंडं घालतंय की! लई भित्रं पाखरू. त्येला लांबवर दिसाय लागतंय. झाडं लावल्यावर बसंल व्हय?”

मग त्याने चार लेंड्या उचलल्या आणि जिथे अंडी पाहिली होती, तिथे नकाशावर एकेक ठेवली.

मी तीन दिवस त्याच्याबरोबर माळ तुडवला. एकही लेंडी चुकीच्या जागी नव्हती. तो पट्टा झाडांविना राहिला आणि आमच्या वरच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली.

पक्क्या नकाशावर पाहणी करणारा म्हणून माझंच नाव आहे. मामांचं नाव मी विचारलंच नाही. कच्चा कागद मात्र मी जपून ठेवलाय. चारांतली एक लेंडी ओली निघाली होती. तिचा डाग अजून आहे. त्यांची सही म्हणायची तर तेवढीच.