आशाबाई राणी झाली तवाची गोष्ट

आशाबाईले नाटकात राणी व्हाचं होतं. आता हे आयकून तुले हसू येईन. साठी ओलांडलेली बाई, घरी सून, नातू, वावरात तूर उभी, अन् मनात काय? तं राणी. अन् तेही सिंहासनावर बसणारी नाही. दरबारातून उठून जाणारी राणी.

चांदूर रेल्वेहून पुढं फाट्यावरून आत गेलं की तिचं गाव. त्या गावात दरसाल सप्ता बसते. शेवटच्या दिवशी काला होते, रोडगे अन् वांग्याच्या भाजीचं जेवण होते, अन् पंगती उठल्या की दुपारून देवळापुढच्या चौथऱ्यावर नाटक. नाटक एकच, दरसाल तेच. कोण्या आज्या-पणज्यानं बसवलं कोणाले मालूम नाही. सगळं तोंडपाठ. त्यात एक राजा नावाड्याच्या पोरीवर जीव लावते, तिले राणी करून आणते. मंग दिवाण म्हणते, महाराज, हे राज्याच्या रीतीत बसत नाही, रयत बिथरली, आता एक तं राणी ठेवा नाहीतं राज्य ठेवा. राजा लय तळमळते. अन् शेवटी तलवारीवर हात ठेवून म्हणते, "राजाला मन नसतं, राणी! राजाला राज्य असतं. आजपासून तू या दरबाराची कोणी नाहीस. जा!"

इतकं म्हणलं की राणी खाली उतरते, लोकायच्या मधातून चालत जाते, अन् लेकीले सासरी धाडावं तशी गावातल्या बाया तिची ओटी भरतात. तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड. ओटी भरल्याबिगर नाटक संपत नाही, अशी तिथली रीत.

राजा कोण? तं जानराव, आशाबाईचाच नवरा. उंचापुरा माणूस, आवाज असा का देवळातली घंटा आपसूक वाजावी. जवानीपासून नाटकातलं राजाचं काम त्याच्याचकडं. अख्खं गाव त्याले "राजे" म्हणे. एस्टीचा कंडक्टर भी म्हणे, "राजे, सरका जरा मांगं." घरी मात्र राजाचं बोलणं दोनच शब्दायचं, एक "हं" अन् एक "हूं". भाजी कशी झाली? हं. पोराचा फोन आला होता. हूं.

अन् राणी होये कुंदन, किराणा दुकानवाला. सप्त्यात मिशी काढे, मंग त्याची बायको पंधरा दिवस त्याच्याकडं पाहून पदरात हसे. पण काम मन लावून करे. राजानं "जा" म्हणलं की असा हंबरडा फोडे का गोठ्यातले ढोरं उठून उभे राहत. बाया भी रडत. एकट्या आशाबाईले राग येये.

"हाकललेली बाई अशी रडते का वं?" ती सुनेले, आरतीले म्हणे. "चार लोकायत? हाकललेली बाई मान वर करून जाते. रडाचं असन तं घरी जाऊन रडन."

मंग पोळ्या लाटता लाटता राणीचं सगळं बोलणं ती आपल्या पद्धतीनं म्हणून पाहे. लग्न होऊन आली तवापासून आयकून राह्यली होती, एक शब्द इकडचा तिकडं नाही. पण बाईनं नाटकात चढाचं, हे त्या गावात कोणाच्या मनातही नाही.

यंदा काय झालं, कुंदनचा गुडघा गेला. अकोल्याले ऑपरेशन झालं, भावाच्या घरी पाय लांब करून पडला. डॉक्टर म्हणे खाली बसू नोको. अन् राणीले तं राजाच्या पायापाशी बसा लागते! जानरावच्या ओट्यावर मंडळी जमली. नत्थुजी मंडळाचा मुख्य, अन् नाटकात दिवाण. तो म्हणे, "विपुलले घ्या." विपुल मंडळातला पोरगा. तो म्हणे, "काकाजी, माह्यं लग्न जमून राह्यलं. पोरीकडच्यायनं लुगड्यातला फोटो पाह्यला तं?"

तेवढ्यात आरती चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता आतल्या सासूकडं मान हलवून म्हणे, "आमच्या आत्याबाईले सगळं येते."

सगळ्यायनं दाराकडं पाह्यलं.

"बाई?" नत्थुजी म्हणे. "राणी?"

"मंग राणी बाईच असते नं, काकाजी?"

नत्थुजीनं चहा बशीत ओतला, फुंकला, पिला, अन् म्हणे, "ठीक आहे. एक साल पाहू. पण वैनी, नाटक अधामधात अडलं, तं पुढं या गावात बाईचं नाव काढाचं नाही. कबूल?"

"कबूल," दाराआडून आशाबाई म्हणे.

"अन् राजे, तुमाले?"

"हूं," जानराव म्हणे.

पण खरा घोळ तालमीत झाला. राणीनं राजाले "प्राणनाथ" म्हणाचं, राजानं राणीले "प्रिये" म्हणाचं, अन् हे नवरा-बायकोनं चार बुढ्या माणसायसमोर? जानरावचे कान लाल झाले. आशाबाईनं पदर तोंडाले लावला तो काढेच ना. मंग सगळ्यायनं मिळून तोड काढली. राजाची तालीम देवळात, राणीच्या जागी नत्थुजी बसे. राणीची तालीम घरी, फोनवर अकोल्याहून कुंदन शिकवे, अन् राजाच्या जागी पाण्याचा माठ. त्या माठासमोर आशाबाई असं बोले का आरतीचे डोळे भरून येत. पण राजा अन् राणी समोरासमोर एकदाही उभे राह्यले नाहीत. लाजेपायी. अन् याच्यात काही बिघडते, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

काल्याचा दिवस आला. आजूबाजूच्या गावचे लोक, धामणगावचे पाव्हणे, लेकरं झाडावर. आशाबाई सुनेच्या लग्नातला शालू नेसून निघाली, अन् बाप्पा! तिच्या तोंडावर असं तेज का बायायनं कडकडा बोटं मोडली. बोलली तेही कसं, ठसक्यात. "प्राणनाथ" म्हणली तवा पोट्ट्यायनं शिट्ट्या मारल्या, तिनं त्यायच्याकडं असं पाह्यलं का शिट्ट्या बंद.

नाटक रंगत गेलं. दिवाणानं सांगतलं, राणी ठेवा नाहीतं राज्य ठेवा. आशाबाई राजाच्या पायापाशी बसली. राजानं तलवारीवर हात ठेवला.

"राजाला मन नसतं, राणी!" घंटेवानी आवाज. "राजाला राज्य असतं. आजपासून..."

अन् थांबला. खाली पाह्यलं, तं पायापाशी कुंदन नाही, नत्थुजी नाही. आशा बसलेली.

"आजपासून," नत्थुजी बाजूनं हळूच म्हणे.

"आजपासून," राजा म्हणे.

"तू या दरबाराची..."

"तू या दरबाराची..." जानरावनं घाम पुसला. "लय दिवसाची आहे."

लोक हसले. आशाबाईनं खालून त्याचं धोतर ओढलं. "काहो, म्हणा नं! 'कोणी नाहीस' म्हणा."

"नाही होत."

"कुंदनले म्हणता नं दरसाल?"

"तो कुंदन होता."

बाया ओटीचे ताटं घेऊन उभ्या. पार्वताबाई सगळ्यायच्या समोर, तिचा आवाज आधीच चढा. "जानराव, लवकर हाकल बाबा तिले, ताट धरून हात भरून आले!" तिकडून दुसरी बोंबलली, "नोको हाकलू राजे, काय बिघडते?" झालं, लोकायत दोन पार्ट्या. झाडावरचे लेकरं भी भांडाले लागले. नत्थुजी गयावया करे, "महाराज, राज्य बुडते!" जानराव म्हणे, "बुडू द्या."

मंग नत्थुजीनं आशाबाईकडं पाह्यलं. तिले समजलं. अडलं नाटक. चूक राजाची, अन् नाव होईन बाईचं. उद्यापासून पोरीबाळीले हेच सांगतीन, का आशाबाई चढली अन् नाटक बुडालं.

तवा ती उठली. पदर सारखा केला. राजाच्या डोळ्यात डोळे घालून नाटकातल्या बोलीत म्हणली, "महाराज, तुमच्या जिभेला जड जातंय. मग मीच सोडते तुम्हाला. राज्य तुमचं, रीतही तुमची. माझ्या बापाची नाव अजून नदीवर आहे. मी वल्हं मारीन आणि पोट भरीन. येते."

असं बोलणं त्या नाटकात कधीच नव्हतं. नत्थुजीनं आ वासला. आशाबाई पायऱ्या उतरली अन् लोकायच्या मधातून निघाली, मान ताठ, डोळ्यात टिपूस नाही. बाया तिच्याकडं पाहतच राह्यल्या, ओटी भराची तेही भुलल्या. ती पार रस्त्याले लागली तवा पार्वताबाईनं पहिला हुंदका देल्ला, अन् मंग जे रडणं सुरू झालं, माणसं भी शेल्यानं डोळे पुसत.

अन् राजा? राजानं मुकुट काढला, नत्थुजीच्या पागोट्यावर ठेवला, म्हणे, "घ्या, सांभाळा." कोपऱ्यात आशाबाईच्या चपला होत्या, त्या उचलल्या अन् लोकायतून धावत सुटला. "अवं थांब! काटे आहेत रस्त्यानं, चपला तं घाल!"

हसावं का रडावं! एकटा नत्थुजी वर, डोक्यावर मुकुट, अन् पुढचं काही आठवे ना. शेवटी हात जोडून म्हणे, "रयतहो, राजा गेला. राज्य वाचलं. आता सगळ्यायनं चहा घ्या."

घरी आल्याबरोबर आशाबाई कडाडली. "माह्यं नाटक बुडवत होते तुमी! इतकुसा एक शब्द म्हणाले काय झालं होतं?"

जानराव ओट्यावर बसला, तलवार बाजूले ठेवली. मंग म्हणे, "कुंदनले जा म्हणलं तरी सकाळी दुकानात भेटे. तुले जा म्हणलं, अन् तू खरंच गेली तं? तुहा काही भरोसा नाही."

लग्न झाल्यापासून इतकं मोठं बोलणं तो पहिल्यांदा बोलला असन. आशाबाईले राग धरून ठेवता येईना. हसली ती अशी हसली का खांबाले धरून खाली बसली. "गेलीच की मी!"

"म्हणून तं आलो नं मांगं."

तेवढ्यात गल्ली भरून बाया आल्या, ताटं घेऊन. ओटी राह्यली होती नं. पार्वताबाईनं तिथंच ओट्यावर पाट मांडला, आशाबाईले बसवलं अन् ओंजळ ओंजळ तांदूळ तिच्या पदरात घातले. हाकललेल्या राणीची ओटी, अन् राजा बाजूले बसून पाहून राह्यला!

सगळ्यायच्या मांगून नत्थुजी आला. मुकुट तसाच डोक्यावर. आशाबाईनं पदर आवरला.

"नाटक अडलं," नत्थुजी म्हणे. "मी सांगतलं होतं, अडलं तं पुढं बाईचं नाव नाही. पण अडवलं राजानं. सोडवलं बाईनं. मी डोळ्यानं पाह्यलं. राणीचं काम आता तुह्यंच, वैनी."

बायायनं असा कल्ला केला का कवेलूच्या छपरावरचे पारवे उडाले. आशाबाई मात्र तांदूळ सावरत म्हणे, "राणीचं नोको, भाऊजी. झालं माह्यं. पुढच्या साली मले दिवाण करा. बोलाले लय असते दिवाणाले, अन् तुमी तं ऐनवक्ती लोकायले चहा पाजला."

नत्थुजीनं मुकुट काढला, इकडून तिकडून पाह्यला. "मंग मी कोण होऊ?"

"राणी!" सगळ्या बाया एकदम म्हणल्या.

"मले चालते," ओट्यावरून जानराव म्हणे. "या माणसाले हाकलाले माही जीभ अडाची नाही."