दर वेळी विचारा

एका क्लिकला अर्धा तास लावणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच असेल, आणि तो भोकरदनला आमच्या शाळेसमोर इंटरनेट कॅफे चालवायचा. सगळे त्यांना शेठ म्हणत. चार संगणक, दारात एक स्टूल आणि खांद्यावर पंचा एवढा त्यांचा पसारा. माऊसला हात लावण्याआधी शेठ तो पंचानं असा पुसत, जणू आताच न्हाऊन आलेलं लेकरू आहे.

त्या काळी इंटरनेटवरून एखादी फाइल घ्यावी, तर ब्राउझरला ती स्वतः उघडता येत नसे. ती दुसऱ्या प्रोग्रॅमकडे सोपवावी लागे, आणि तसं करू का, असं विचारणारी चौकट पडद्यावर उभी राही. माणसं घाबरून हाक मारत, "शेठ, हे काय विचारतंय?" शेठ आनंदानं उठत. "घाबरू नका. ब्राउझर निस्ता पाव्हणा दारापर्यंत आणून सोडतो. त्याची बोली कळणारा घरात दुसराच लागतो." मग बटण दाबण्याआधी समोरच्याचं गाव, आडनाव, आजोळ असा सगळा तपास चाले. एकदा एक मुलगी वडिलांबरोबर बारावीचा निकाल पाहायला आली. निकाल चौकटीआड अडकलेला, मुलगी रडकुंडीला आलेली, आणि शेठ वडिलांना विचारतायत, "मंग हसनाबादचे ते तुमचे कोण?" ती पास झाली, तेव्हा वडिलांच्या आधी शेठचेच डोळे भरून आले.

शेठाणी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुली लग्न होऊन इंदूरला होत्या. दुकानावरच्या दोन खोल्यांत शेठ एकटेच राहत. मीही बदलीवर आलेली शिक्षिका, भाड्याच्या खोलीत एकटीच. तरी मला त्यांचं काही कळलं नाही, याची आज लाज वाटते. मला फक्त त्या चौकटीचा वैताग यायचा.

एका दुपारी शेठ दुकान माझ्या भरवशावर सोडून जालन्याला गेले होते. तेवढ्यात मी चारही संगणकांत 'दर वेळी विचारा' अशा अर्थाच्या ओळीपुढची खूण काढून टाकली. म्हटलं, म्हाताऱ्याची कटकट वाचेल. दुसऱ्या दिवसापासून फाइली आपोआप उघडू लागल्या. लोक येत, काम उरकत आणि निघून जात. कुणाची खुर्ची वाजली की शेठ स्टुलावरून अर्धे उठत आणि परत बसत.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मॅडम, कोणी आवाजच देऊन न्हाई राह्यलं."

मी काय केलं ते सांगून टाकलं. शेठ पंचाची घडी घालत राहिले. "बराबर केलं तुम्ही. लोकायचा टाइम वाचला." मग म्हणाले, "ती खूण मला पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय, मॅडम."

मला फार अपराधी वाटलं. एकेका संगणकापाशी बसून मी चारही खुणा परत लावल्या. शेवटच्यावर शाळेचं एक परिपत्रक उघडायला घेतलं. चौकट आली. मी मुद्दाम मोठ्यानं हाक मारली, "शेठ, हे काय विचारतंय?"

शेठ उठले. माऊस नीट पुसला, स्टूल ओढून शेजारी बसले आणि रोज भेटणाऱ्या मला त्यांनी विचारलं, "तुम्ही मूळच्या कोणत्या गावच्या?"

आता माझ्या संगणकात सगळं न विचारताच उघडतं, आणि शेठही राहिले नाहीत. त्या दिवशी मात्र मलाही खोलीवर जायची घाई नव्हती. मी पणजोबांपासून सुरुवात केली.