शाळा सोडण्याचं कारण

कपाटातली शेवटची पिशवी जमिनीवर उलटी करून नात मधोमध बसली. रडत नव्हती. नुसती बसली होती. ती शोधत होती तो कागद माझ्या पोलक्यात होता, आणि मी समोर बसून गवार मोडत होते.

कागद म्हणजे तिच्या आजोबांचा, माझ्या मेलेल्या नवऱ्याचा, शाळा सोडल्याचा दाखला. नातीला वकिलीच्या कॉलेजात राखीव जागेवर प्रवेश मिळाला होता. जात पडताळणीचं प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर ती जागा जाणार होती. त्यासाठी त्याच दुपारी ठाण्याला ऑफिसात आजोबांचा मूळ दाखला दाखवायचा होता. झेरॉक्स चालत नाही.

तो मी आदल्या दिवशी काढून घेतला होता. का, ते सांगते.

जेसल पार्कला आमच्या दोन खोल्या. खिडकीजवळची जागा, टेबल, पंखा, सगळं नातीचं. तिची परीक्षा असली की टीव्ही बंद. सून तिला सफरचंद चिरून देते, मला विचारत नाही. मला दात नाहीत हे खरं, पण विचारावं. ती जाड जाड पुस्तकं वाचते, पेनाने खुणा करते. मी बघत बसते आणि माझ्या पोटात जळतं. जीव आहे तिच्यावर, ते वेगळं. जळतं हे नक्की. मी चौथीत पहिली आले होते. माझा नवरा दुसरीत दोनदा नापास होऊन शाळेतून पळाला.

कागदांची यादी आली तेव्हा मी हौसेने माझा दाखला काढला. मराठवाड्यातून आलो तेव्हापासून तो लुगड्याच्या घडीत जपला होता. नात हसली. म्हणाली, "तुझा नाही गं चालत, आजी. वडिलांकडचं रक्ताचं नातं लागतं. तू लग्न करून आलेली."

दुसरी नापास माणसाचा कागद चालतो, माझा चालत नाही. तेव्हाच त्याचा कागद लपवायचं माझ्या मनात आलं.

त्या सकाळी मुलगा कामावर जाताना बोलून गेला की नसेल तिच्या नशिबात, बँकेच्या परीक्षेला बसू दे. कागद सापडत नाही, असं सून शेजारणीला फोनवर सांगत होती. मी गवार मोडत राहिले.

मग नात उठली. "आजी, तुझाच दाखला दे. दाखवून तरी बघते."

मी दिला. तिने तो पहिल्यांदाच नीट वाचला. "प्रगती उत्तम," ती म्हणाली. "शाळा सोडण्याचं कारण, पालकांची इच्छा." मग माझ्याकडे बघितलं. "तुझी काय इच्छा होती?"

मला राग आला. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही, आणि ही विचारते ती घरातून निघायच्या वेळेला. मी पोलक्यात हात घातला आणि कागद तिच्यापुढे टाकला. घामाने ओला झाला होता. घडीवरची शाई पसरली होती, पण नाव आणि जात वाचता येत होती.

"तुझ्याकडे होता?"

"होता."

"का?"

"तू पुढे जाणार म्हणून."

तिने टॉवेलने कागद टिपला आणि पुस्तकात घातला. काशीमीऱ्यापर्यंत रिक्षा, तिथून बस, वेळ थोडाच होता. चपला घालताना म्हणाली, "पप्पांना सांगणार नाही. पण विसरणार पण नाही."

प्रमाणपत्र मिळालं. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. कागदांची फाईल ती कुलपात ठेवते आणि किल्ली गळ्यात. माझाही दाखला त्या फाईलमध्ये आहे. तो तिने परत का दिला नाही, मी विचारलं नाही. ती टेबलाशी बसली की माझ्या पोटात अजून जळतं.

कागद लपवणारी मी तिची सख्खी आजी. शिक्षण चौथी पास.